आकड्याचा सातबारा काढ, मग प्रश्न दे

नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी तू साहेबांकरिता, म्हणजे तुझ्या आमदारांकरिता, तयार केलेले वित्तविषयक प्रश्नांचे मसुदे वाचले. कळकळ दिसते, भाषाही नीट आहे. पण यातल्या बहुतेक प्रश्नांना विभाग एका ओळीत वाटेला लावेल, आणि तसं व्हायला नको, म्हणून सविस्तर लिहितो.

तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाचा, साचा तुला पाठ आहे. पहिल्या भागात विधान आणि "हे खरे आहे काय", मग "असल्यास", पुन्हा "असल्यास", आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". हा सगळा डोलारा पहिल्या भागावर उभा असतो. तिथे एक आकडा जरी घसरला तरी छापील उत्तर येतं: "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." आपल्याला ते उडवाउडवीचं वाटतं, पण नियमाला धरूनच असतं. चूक आपली असते.

तुझा पहिलाच मसुदा घे. "एप्रिल २०२४ मध्ये राज्य शासनास वस्तू व सेवा करापोटी ३७,६७१ कोटी रुपये प्राप्त झाले, हे खरे आहे काय?" आकडा केंद्राच्या पत्रकातला आहे, बरोबर उतरवला आहेस, तरी विधान चुकीचं आहे. ती रक्कम महाराष्ट्रात गोळा झालेल्या जीएसटीची. तिच्यात केंद्राचा सीजीएसटी आहे, राज्याचा एसजीएसटी आहे, आंतरराज्य व्यवहारांवरचा आयजीएसटी आणि उपकरही आहे. राज्याच्या तिजोरीत येतो तो एसजीएसटी आणि आयजीएसटीच्या समायोजनातून मिळणारा वाटा, एवढंच. शिवाय एप्रिलचा भरणा हा मुख्यतः मार्चच्या व्यवहारांचा असतो, कारण मासिक विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं. वर्षअखेरची विक्री आणि राहिलेले हिशेब त्यात येतात, म्हणून एप्रिल फुगलेला दिसतो. त्याची तुलना मे महिन्याशी करून "घट का झाली" असं विचारलंस, तर उत्तर देणाऱ्याला फार श्रम पडणार नाहीत. एप्रिलशी एप्रिलच लाव.

जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो: कुणाच्या नावावर, किती क्षेत्र, बोजा काय. आकड्याचंही तेच कर. तो कोणत्या विभागाचा, कोणत्या लेखाशीर्षाखालचा (म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यावरचा), कोणत्या वर्षाचा, अंदाज की प्रत्यक्ष, स्थूल की निव्वळ, एवढं कळल्याशिवाय तो प्रश्नात घालायचा नाही.

विभागापासून सुरू कर, कारण इथेच सगळ्यात जास्त प्रश्न वाया जातात. कर म्हटला की वित्त विभाग, हे अर्धंच खरं आहे. जीएसटी, पेट्रोल-डिझेल-मद्यावरचा व्हॅट आणि व्यवसाय कर वित्त विभागाकडे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी महसूल विभागाकडे. दारूवरचं राज्य उत्पादन शुल्क आणि वाहन कर गृह विभागाकडे, विद्युत शुल्क ऊर्जा विभागाकडे. आणि राज्याचं स्थूल उत्पन्न, दरडोई उत्पन्न यांचे अंदाज काढणारं अर्थ व सांख्यिकी संचालनालय नियोजन विभागाखाली येतं, वित्त विभागाखाली नाही. तुझ्या तिसऱ्या मसुद्यात मुद्रांक शुल्क आणि दरडोई उत्पन्न दोन्ही एकत्र आहेत. त्याचे दोन प्रश्न कर. नाहीतर तो या विभागाकडून त्या विभागाकडे फिरेल आणि थोड्या दिवसांचं अधिवेशन तेवढ्यात संपेल.

प्रश्नात लेखाशीर्षाचा क्रमांक घातलास की पळवाट उरत नाही. ००६ असं नव्हे, चारही अंक लिही: ०००६ राज्याचा जीएसटी, ००३० मुद्रांक व नोंदणी, ००३९ उत्पादन शुल्क, ००४० विक्रीवरील कर, ००४१ वाहन कर, ००४३ विद्युत शुल्क. व्यवसाय कर ००२८ खाली सापडेल.

वर्षाचं जरा नीट समजून घे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय प्रकाशनांत २०२३-२४ च्या प्रत्यक्ष रकमा, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज, आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज असे चार रकाने शेजारी असतात. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही बाजूंना एकाच जातीचा रकाना हवा. तू एकीकडे अंदाज आणि दुसरीकडे प्रत्यक्ष घेऊन वाढ काढली आहेस; ती वाढ अस्तित्वातच नाही. डिसेंबरात चालू वर्षाबद्दल विचारायचं असेल तर महालेखापालांच्या मासिक लेख्यांचा आधार घे आणि "अलेखापरीक्षित" (लेखापरीक्षण न झालेले) हा शब्द न विसरता लिही.

आता विदर्भाचा मुद्दा. तो तुझ्या मनाच्या जवळचा आहे, म्हणून इथे जास्त सांभाळ. "विदर्भातून जीएसटी किती जमा झाला आणि विदर्भावर खर्च किती झाला" हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. पण जीएसटीची नोंदणी साधारणपणे एका राज्यात एका पॅनवर एकच असते. कंपनीचं मुख्य ठिकाण मुंबई दाखवलेलं असेल, तर नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यातला माल आणि शहरातल्या सीताबर्डीच्या दुकानातली विक्री मुंबईच्याच नोंदणीत जाते. नागपूर विभागाचा म्हणून मिळणारा आकडा इथल्या नोंदणीचा असतो, इथल्या व्यापाराचा नसतो. तो बहुतेक वेळा कमीच दिसेल आणि आपलाच प्रश्न आपल्यावर उलटेल. त्याऐवजी खर्चाची बाजू धर. योजनानिहाय तरतूद, वितरण आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही जिल्हानिहाय माग. तरतूद झाली पण वितरण झालं नाही, ही तफावत तिथेच उघडी पडते.

हे काम नवं नाही. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, ३,१८६.७८ कोटी रुपये मांडला, तेव्हा या भागाच्या तक्रारीला मोजमाप मिळालं. त्या समितीने रस्ते, सिंचन, शाळा असं क्षेत्रागणिक मोजलं. आपणही एका प्रश्नात एकच क्षेत्र घ्यावं.

दरडोई उत्पन्नाचं थोडक्यात सांगतो. जिल्ह्याचं उत्पन्न घरोघरी मोजलेलं नसतं. बऱ्याच क्षेत्रांत राज्याचा अंदाज निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांत वाटलेला असतो. २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून भागाकारातली लोकसंख्याही २०११ वरून पुढे नेलेली, अंदाजाची. त्यामुळे गडचिरोली आणि नागपूर यांच्यातली मोठी दरी खरी मान, पण दोन शेजारच्या जिल्ह्यांतल्या दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर प्रश्न उभा करू नकोस. आणि चालू किमती (त्या त्या वर्षाच्या) की स्थिर किमती (महागाई वगळून), हे लिहिल्याशिवाय वाढीचा दर लिहायचा नाही.

थकबाकीचा मसुदा मला सगळ्यात आवडला, फक्त तो अर्धवट सोडलास. थकबाकी कमी झाली याचा अर्थ वसूल झाली असा होत नाही. २०२३ च्या अभय योजनेत जीएसटीपूर्व करांची वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली, म्हणजे ती रक्कम वहीतून गेली, तिजोरीत आली नाही. म्हणून फोड माग: एकूण थकबाकी किती, त्यापैकी न्यायालयात किंवा अपिलात अडकलेली किती, आजच्या घडीला वसुलीयोग्य किती, वर्षभरात प्रत्यक्ष वसूल किती आणि माफ किती. या पाच रकमा शेजारी आल्या की मंत्र्यांना नुसत्या टक्केवारीवर बोलता येत नाही.

एक मोह टाळ. "गेल्या दहा वर्षांची, तालुकानिहाय, व्यापारीनिहाय माहिती" असं काही मागू नकोस. ३६ जिल्ह्यांतून जमवावी लागणारी माहिती मागितली की "माहिती संकलित करण्यात येत आहे" असं उत्तर येतं आणि ते खोटंही नसतं. विभागाकडे आधीच तयार असलेली माहिती माग. तीन वर्षं पुरतात.

पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाचे प्रस्ताव, या अधिवेशनात येतील, त्या वेळी बातम्यांत मोठी रक्कम झळकेल. ती स्थूल असते. केंद्राचं अनुदान आणि जुळवाजुळव वगळल्यावर राहणारा निव्वळ भार वेगळा दिलेला असतो. साहेबांच्या भाषणात दोन्ही असू दे. ज्या लेखाशीर्षाखाली पैसा मागितला आहे, तिथे मागच्या वर्षी किती रक्कम खर्चाविना परत गेली, ते विनियोजन लेख्यांत (मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या ताळ्यात) बघ. हा उपप्रश्न फार उपयोगी पडतो.

सभागृहात तोंडी विचारायचे उपप्रश्न तीनच काढ, प्रत्येक एका श्वासात बोलता येईल एवढा. मंत्री "माहिती घेऊन पटलावर ठेवतो" म्हणाले, की तारीख आणि नेमकं वाक्य त्याच क्षणी वहीत उतरव. ते आश्वासन होतं, आणि आश्वासन समितीकडे पाठपुरावा करताना तेच वाक्य लागतं.

थकबाकीचा मसुदा वरच्या पाच रकमांसह पुन्हा लिही आणि पाठव. समासात प्रत्येक आकड्यासमोर प्रकाशनाचं नाव आणि पान क्रमांक असू दे. ज्या आकड्यासमोर पान लिहिता येत नाही तो पहिल्या भागातून काढ आणि "किती" असा प्रश्न करून दुसऱ्या भागात टाक.

तुझा हितचिंतक