पिंग पोचते, फाइल मात्र अडते : वाचकांच्या तांत्रिक शंका

प्रश्न : फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था मी पाहते. तीन सर्व्हरांवर ओपनस्टॅक (क्लाउड चालवणारे सॉफ्टवेअर) बसवून आम्ही विद्यार्थ्यांसाठी खासगी क्लाउड उभा केला असून आतील नेटवर्कसाठी व्हीएक्सलॅन (सर्व्हरांवर पसरलेले आभासी जाळे) वापरले आहे. एका सर्व्हरवरील व्हर्च्युअल मशीनवरून दुसऱ्या सर्व्हरवरील मशीनला पिंग (पोच तपासणारा छोटा संदेश) केले की उत्तर येते; पण फाइल पाठवू लागले की सारे गोठते, आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याची सोय) तर कधी पासवर्ड विचारण्याआधीच अडकते. एकाच सर्व्हरवरील मशीनमध्ये हा त्रास नाही. सिक्युरिटी ग्रुपचे (मशीनची कोणती वाहतूक सोडायची हे ठरवणाऱ्या यादीचे) सगळे नियम खुले करून पाहिले, तरी उपयोग झाला नाही. जुन्या प्रयोगशाळेतून आणलेल्या इमेजवरच्या (मशीन ज्यावरून तयार होते त्या साच्यावरच्या) मशीनच एकमेकींशी बोलताना अडतात, असे दिसते. – एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण शेवटी लिहिलेले निरीक्षण सर्वांत मोलाचे आहे. त्याकडे वळण्यापूर्वी एक विनंती : खुले केलेले नियम आजच पूर्ववत बंद करा. छोटे पॅकेट (नेटवर्कवर जाणारा माहितीचा एक तुकडा) पोचते आणि मोठे पोचत नाही, तेव्हा दोष नियमांत क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा एमटीयूत, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारमानात असतो.

रायबंदरहून चोडणला जाणारी गाडी नदीपर्यंत स्वतःच्या चाकांवर जाते आणि पुढे फेरीबोटीत चढते. व्हीएक्सलॅनमध्ये पॅकेटचे असेच होते. सर्व्हर ओलांडायचा असला की मूळ पॅकेट दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घातले जाते आणि त्यासाठी ५० बाइट्स जादा लागतात : बाहेरील आयपीचे २०, यूडीपीचे ८, व्हीएक्सलॅनचे ८ आणि आतील इथरनेट शीर्षकाचे (हेडरचे) १४. सर्व्हरांना जोडणारे नेटवर्क १५०० बाइट्सचे असेल, तर आतल्या मशीनला १४५० च उरतात. जी मशीन १५०० चे पॅकेट सोडते, तिचे पॅकेट १५५० चे होऊन वाटेतच टाकून दिले जाते आणि पाठवणाऱ्या मशीनला बहुधा त्याची वार्ताही लागत नाही. एकाच सर्व्हरवरील मशीनना नदी ओलांडावीच लागत नाही, म्हणून तिथे सारे सुरळीत चालते.

न्यूट्रॉन, म्हणजे ओपनस्टॅकचा नेटवर्क सांभाळणारा भाग, हे १४५० चे माप डीएचसीपीमार्फत (मशीनना आपोआप पत्ता देणाऱ्या सोयीमार्फत) प्रत्येक मशीनला कळवतो. आपल्या जुन्या इमेजमध्ये आयपी पत्ता हाताने भरलेला असावा, किंवा १५०० हा आकडा पक्का लिहिलेला असावा. त्यामुळे तो निरोप त्या मशीन ऐकतच नाहीत. नव्या इमेजशी बोलताना त्या अडत नाहीत, याचेही कारण आहे : टीसीपी जोडणी सुरू होताना दोन्ही बाजू आपापले माप सांगतात आणि लहान माप पाळले जाते.

खात्री करणे सोपे आहे. पॅकेटचे तुकडे करू नयेत असे बजावून जुन्या मशीनवरून १४७२ बाइट्सचे पिंग पाठवा. त्यात २८ बाइट्सची शीर्षके मिळून १५०० होतात. उत्तर आले नाही आणि १४२२ ला लगेच आले, तर निदान पक्के. तेवढ्यावर मन भरले नाही, तर पाठवणाऱ्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर टीसीपीडम्प (जाणारी पॅकेट दाखवणारे साधन) लावून व्हीएक्सलॅनच्या, म्हणजे यूडीपीच्या ४७८९ या पोर्टवर नजर ठेवा. मोठे पॅकेट तिथून बाहेरच पडत नसेल, तर मर्यादा सर्व्हरची आहे. बाहेर पडूनही पलीकडे दिसत नसेल, तर मधल्या स्विचची.

तात्पुरता उपाय म्हणजे जुन्या मशीनच्या कार्डाचे माप १४५० करणे. कायमचा उपाय म्हणून इमेजच दुरुस्त करून तिला डीएचसीपीवर आणावे, हे मला अधिक पटते, कारण चुकीची इमेज राहिली की दर सत्राला नवी मशीन तोच आजार घेऊन जन्मते. सर्व्हरांमधील स्विच मोठी पॅकेट घेणारा असेल, तर सर्व कार्डे आणि स्विचची सर्व पोर्टे ९००० वर नेता येतात व न्यूट्रॉनलाही तसे सांगता येते. मात्र एकही पोर्ट विसरले, तर हीच तक्रार परत येईल. विद्यार्थी मशीनच्या आत डॉकर (कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमचे बंदिस्त डबे चालवणारे साधन) चालवत असतील, तर तेही तपासा : डॉकरचा पूल (कंटेनरना जोडणारा ब्रिज) मूळतः १५०० धरून चालतो, त्यामुळे मशीन निरोगी असूनही कंटेनर अडू शकतो.

प्रश्न : आमच्या लहान कार्यालयाच्या ओपनस्टॅकवर मशीनला फ्लोटिंग आयपी (बाहेरून पोचता येणारा पत्ता) दिला. मशीनवरून इंटरनेट चालते, पण बाहेरून त्या पत्त्याला पिंगही लागत नाही. – एक वाचक, म्हापसा

उत्तर : इथे मात्र सिक्युरिटी ग्रुपच पाहावा लागेल. मूळ ग्रुप बाहेर जाणारी सर्व वाहतूक सोडतो, पण आत फक्त त्याच ग्रुपमधील मशीनकडून आलेली वाहतूक घेतो. आयसीएमपी (पिंगसाठी) आणि टीसीपीच्या २२ व्या (एसएसएचच्या) पोर्टसाठी आत येण्याचे नियम जोडा आणि त्यांत साऱ्या जगाऐवजी आपल्या कार्यालयाचाच पत्ता लिहा. नियम लगेच लागू होतो. मशीन पुन्हा सुरू करण्याची गरज नाही.