टाकायचं की दुरुस्त करायचं? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

घरगुती यंत्रांविषयी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी एकच वाक्य पुन्हा पुन्हा दिसलं: 'मेकॅनिक म्हणतो, यात आता राम नाही, नवीनच घ्या.' उत्तरं देताना आम्ही प्रत्येक ठिकाणी आधी एवढंच शोधलं की नेमका कोणता भाग गेला आहे. यंत्राचं वय, कंपनी, नव्याची किंमत हे सगळं त्यानंतर. भाग कळल्याशिवाय दुरुस्तीलाही हो म्हणू नका आणि नव्या वस्तूलाही. खाली दिलेल्या किमती अंदाजे आहेत, गावागणिक फरक पडेल.

समोरून कपडे घालायचं सात किलोचं वॉशिंग मशीन आहे, सहा वर्षं झाली. पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येतो. सर्व्हिस सेंटरने पूर्ण टब बदलायचे साडेअकरा हजार सांगितले. नवीन मशीन तीस हजारांना आहे. काय करावं? (सांगली)

वर्णनावरून बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यांवर फिरतो ती लोखंडी गोळ्यांची कडी, गेलेली वाटतात, पण खात्री घरीच करता येते. (कपडे घालतो तो आतला भोकांचा डबा म्हणजे ड्रम, त्याभोवतीची पाणी धरणारी टाकी म्हणजे टब.) प्लग काढा, दार उघडा आणि ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रम टबापासून वेगळा दोन-तीन मिलिमीटर हलला तर बेअरिंग संपली. ड्रम टबासकट एकत्र हलत असेल तर ते स्प्रिंगांचं हलणं आहे, त्यात दोष नाही. मग मागचं झाकण काढून पट्टा उतरवा आणि ड्रम हाताने फिरवा. तरीही घरघर येत असेल तर मोटरचा संबंध नाही. पट्टा बसतो त्या चाकाच्या, म्हणजे पुलीच्या मागे टबावर तपकिरी ओघळ दिसले, तर पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं आहे.

हे का होतं? ड्रमचा शाफ्ट, म्हणजे दांडा, टबाच्या पाठीतून दोन बेअरिंगांवर फिरतो आणि पाण्याच्या बाजूला फक्त एक रबरी ऑइल सील असतं. सीलचा ओठ झिजला की साबणाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळ्या गंजतात. त्यामुळे नुसती बेअरिंग बदलून सील जुनंच ठेवलं, तर काही महिन्यांत तोच आवाज परत येतो. दोन्ही बेअरिंग आणि सील एकदमच बदलायचं.

बेअरिंगचा नंबर तिच्यावरच छापलेला असतो. या आकाराच्या मशीनमध्ये ६२०५ आणि ६२०६ ही जोडी बऱ्याचदा असते, पण जुनी हातात घेऊन नंबर वाचूनच नवीन आणा. दोन्ही बाजूंनी रबराने बंद असलेली घ्या, आणि बेअरिंगच्या अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह. नामांकित कंपन्यांच्या नक्कल बेअरिंग बाजारात भरपूर आहेत. बसवताना कारागिराने ठोका फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायला हवा. आतल्या कड्यावर ठोकलं तर नवी बेअरिंग पहिल्या दिवशीच दुखावते. शाफ्टवर सील जिथे टेकतं तिथली पितळी बुश (दांड्यावरची नळी) नखाने तपासा. नखाला खाच लागली, तर नवं सीलही गळणार.

आता खरा प्रश्न दोन गोष्टींचा आहे. पहिली टबाची. टबाच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर स्क्रू दिसत असतील तर तो खुलतो आणि काम सरळ आहे. सांधा सलग वितळवून जोडलेला असेल तर कंपनी तो उघडतच नाही, म्हणून तुम्हाला पूर्ण टबाचा भाव सांगितला असणार. काही वर्कशॉप असा टब सांध्यावरून कापतात, बोल्ट आणि सिलिकॉनने पुन्हा बंद करतात. नीट केलेलं काम टिकतं, पण किमान सहा महिन्यांची हमी कागदावर घ्या. आमच्या मते सीलबंद टब ही ग्राहकावर लादलेली गोष्ट आहे. हजाराच्या आतबाहेर किमतीच्या सुट्या भागांसाठी अख्खा टब घ्यावा लागतो, म्हणून नवं मशीन घेण्याआधी दुकानात टबाचा सांधा कसा आहे हे जरूर विचारा.

दुसरी गोष्ट स्पायडरची, म्हणजे ड्रमच्या मागच्या तीन हातांच्या अॅल्युमिनियमच्या आधाराची. त्यावर साबणाचा चिकट थर साठतो आणि त्याखाली धातू खाल्ला जातो. स्टीलच्या ड्रमशी जोडलेला असल्याने गंज आणखी वेगाने होतो. टब उघडल्यावर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पांढरी भुकटी पडून टोक आत रुतलं तर स्पायडर बदलावाच लागेल. तो पिळताना तुटला तर ड्रम टब फोडतो.

हिशेब असा: खुलणारा टब, चांगला स्पायडर, दोन बेअरिंग, सील आणि मजुरी मिळून साधारण तीन ते साडेचार हजार. हे नक्की करा. स्पायडरही गेला तर सात हजारांच्या आसपास. बाकी मशीन निरोगी असेल तर अजूनही परवडतं. टब कापावा लागतोय, स्पायडर गेलाय आणि मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्डही अधूनमधून बंद पडतोय, असं तिन्ही एकत्र असेल तर पैसे घालू नका.

दुरुस्तीनंतर महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० अंशांवर चालवा, समोरून भरायच्या मशीनचाच कमी फेसाचा साबण मोजून घाला आणि क्लोरीनचं ब्लीच टाळा.

डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, आठ वर्षांचा. वर बर्फ होतो, खाली दूध नासतं. गॅस भरायचे साडेतीन हजार सांगितले. वर्षभरापूर्वीही भरला होता. (नाशिक रोड)

गॅस भरू देऊ नका. तुमच्या वर्णनात गॅसपेक्षा डीफ्रॉस्टचा दोष जास्त बसतो.

या फ्रिजमध्ये थंडावा देणारी कॉइल फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड असते. तिच्यावर हिम साठतं. ठरावीक तासांनी एक हीटर ते वितळवतो आणि पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये जातं. हीटर, बायमेटल (तापमानानुसार उघडझाप करणारा स्विच), थर्मल फ्यूज (जास्त तापलं की तुटणारा फ्यूज) किंवा टायमर यातलं एक जरी गेलं तरी कॉइल बर्फात गाडली जाते आणि पंख्याची हवा खालच्या कप्प्यात पोचत नाही. वरचं मात्र थंडच राहतं, म्हणून फसगत होते.

पैसा न खर्चता करायची परीक्षा: फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं पूर्ण २४ तास उघडी ठेवा आणि खाली फडकी अंथरा. मग चालू करा. चार-आठ दिवस खालीही छान थंड झालं आणि पुन्हा तेच सुरू झालं, तर दोष डीफ्रॉस्टचाच. गळून गेलेला गॅस बर्फ वितळल्याने परत येत नसतो. मेकॅनिक आल्यावर मागचा पत्रा काढायला सांगा. कॉइल पूर्ण पांढरी असेल तर डीफ्रॉस्ट. सुरुवातीच्या एक-दोन वळशांवरच हिम आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी किंवा कॅपिलरी (गॅसची केसासारखी बारीक नळी) चोक.

मल्टिमीटरवर (विजेला होणारा रोध मोजायच्या यंत्रावर) १५० वॉटचा हीटर सुमारे ३५० ओहम दाखवतो. काहीच दाखवला नाही तर तार तुटली. बायमेटलबाबत एक चूक सर्रास होते. तो गरम असताना उघडा आणि थंडीत जोडलेला असतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला काटा हलला नाही म्हणून चांगला बायमेटल फेकला जातो. फ्रीजरमध्ये चांगला गार करूनच तपासा. थर्मल फ्यूज गेला असेल तर नवाच घाला. तो वगळून तारा थेट जोडल्या तर हीटर चालूच अडकल्यावर आतलं प्लास्टिक वितळतं, आगही लागू शकते. भाग आणि मजुरी धरून हे काम साधारण हजार ते दोन हजारांत होतं. बर्फ सुरीने खरवडू नका. अॅल्युमिनियमच्या कॉइलला भोक पडलं की मग खरोखरच गॅसचं काम निघेल.

आणि गॅसच कमी निघाला तर पहिला प्रश्न: गळती कुठे आहे? ती न शोधता भरलेला गॅस गेल्या वर्षीसारखाच जाणार. पाइप उघडला की फिल्टर ड्रायर (ओल आणि कचरा धरणारं नळकांडं) नवा, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाट्यावर मोजून गॅस, हे तिन्ही हवंच. मागच्या लेबलवर आर-६००ए लिहिलेलं असेल तर तो गॅस ज्वलनशील असतो आणि बहुतेकदा शंभर ग्रॅमहूनही कमी लागतो. अंदाजाने भरायची ती वस्तू नाही. गळती फोमच्या आत, भिंतीत असेल तर मात्र नवा फ्रिज घ्या.

विजा चमकत होत्या त्या रात्रीपासून इन्व्हर्टर फ्रिज बंद. बोर्डाचे सहा हजार आठशे सांगितले. फ्रिज पाच वर्षांचा. बोर्ड दुरुस्त होतो का? (उदगीर)

बऱ्याचदा होतो. विजेचा जादा दाब (व्होल्टेज) आला की आधी फ्यूज आणि त्याच्याजवळची एमओव्ही ही दाब स्वतःवर घेणारी चकतीसारखी वस्तू फुटते. पुढे कधी ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि वीजपुरवठ्याची आयसी, म्हणजे चिप, जाते. हे सुटे भाग काही रुपयांपासून दोनशेपर्यंतचे. बोर्ड दुरुस्त करणारे मजुरीसह हजार-दीड हजार घेतात. जळाल्याचा डाग फक्त वायर येते त्या कोपऱ्यात असेल तर आशा चांगली. कॉम्प्रेसर चालवणारं पॉवर मॉड्यूल फुटलं असेल तर खर्च वाढतो.

नवा बोर्ड घ्या किंवा जुना दुरुस्त करा, आधी कॉम्प्रेसर तपासून घ्या. त्याच्या तीन पिनांपैकी कोणत्याही दोनमध्ये रोध सारखाच यायला हवा, आणि कोणत्याही पिनेपासून बॉडीला काहीच येता कामा नये. फरक आला तर नवा बोर्डही त्याच दिवशी जळेल. दुरुस्तीनंतर बोर्डावर वार्निशचा किंवा सिलिकॉनचा थर पुन्हा द्यायला सांगा, नाहीतर दमटपणा, झुरळं आणि पाली मिळून काम बिघडवतात.

पुढच्यासाठी: वीज कडाडू लागली की प्लग काढणं हाच खात्रीचा उपाय. दिवे एकाएकी फार उजळत असतील तर न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, सुटल्याची शंका घ्या, मुख्य स्विच बंद करा आणि महावितरणला कळवा. तशा वेळी २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळपासही येऊ शकतात. जादा दाबाला तोडणारा आणि तीन मिनिटं थांबून चालू होणारा स्टॅबिलायझर अशा गावात वाया जात नाही.

मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. फेकून द्यावा का? (रत्नागिरी)

आधी आतल्या बाजूच्या भिंतीवरचा पुठ्ठ्यासारखा चौकोन बघा. तो अभ्रकाचा पत्रा आहे. त्यावर तूप-मसाला उडून जळला की ठिणग्या येतात. प्लग काढा, पत्रा सोडवा, मागचा चिकटा पुसा, जुना वर ठेवून त्याच्या मापाने नवा कात्रीने कापा. शे-दीडशेत काम होतं. बाहेरचं कव्हर मात्र घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर सुमारे दोन हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात.

गिझरखालून पाणी टपकतं. आमच्याकडे बोअरचं पाणी. (सोलापूर)

खालचं झाकण काढून पाणी कुठून येतं ते कोरड्या कागदाने शोधा. एलिमेंट (पाणी तापवणारी कांडी) बसतो त्या झाकणातून, म्हणजे फ्लॅंजमधून असेल तर तिथलं रबरी गॅस्केट बदला, शंभर-दोनशेचं काम. टाकीच्या अंगातून असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका, नवा घ्या. आतला काचेचा थर गेलेला असतो, एक जागा जोडली तरी टाकी दुसरीकडे फुटते. गिझर लावला की ब्रेकर पडत असेल तर एलिमेंट बॉडीला वीज देतो आहे, बदलेपर्यंत वापर पूर्ण बंद. २००० वॉटचा चांगला एलिमेंट सुमारे २६ ओहम दाखवतो.

नवा घेतलात तर मॅग्नेशियमची अॅनोड दांडी दरवर्षी उघडून बघा. टाकीच्या बदल्यात ती खाल्ली जाते. आतली तार उघडी दिसू लागली की दांडी बदला. बोअरच्या पाण्यावर ती लवकर संपते आणि ही साधी गोष्ट विकताना कुणी सांगत नाही.

मशीन वॉरंटीत आहे, पण तीन महिने 'पार्ट उपलब्ध नाही' एवढंच उत्तर मिळतं. (पिंपरी)

प्रत्येक भेटीचं जॉबशीट (मेकॅनिकच्या कामाची लेखी नोंद) मागून घ्या, त्यावर दोष आणि हवा असलेला भाग लिहून घ्या. मग कंपनीला ईमेलने १५ दिवसांची मुदत द्या: भाग, बदली मशीन किंवा पैसे परत. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. घरगुती यंत्रं त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक आहेत. तुमच्या कंपनीचं नाव तिथे आहे का आणि सुट्या भागांबद्दल काय लिहिलंय ते बघा, त्याची प्रत तक्रारीला जोडा. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग दहा वर्षं पुरवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे तसं बंधन यायलाच हवं. तोवर जॉबशीटची एकही प्रत हरवू देऊ नका.