गडद, कृष्ण की काळा?

प्रश्न जळगावच्या काही तरुण मंडळींचा आहे. त्यांनी २२ मिनिटांचा लघुपट केलाय. तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवणारा एक प्राध्यापक, पीएच.डी.चं सहावं वर्ष, आणि ऐन प्रबंध जमा करायच्या आठवड्यात गाईडचं, म्हणजे संशोधनाच्या मार्गदर्शकाचं, निधन. पत्रकासाठी त्यांनी ओळ लिहिली : ‘शैक्षणिक जीवनातील महत्त्वाकांक्षा आणि दबावावर आधारित गडद विनोदी चित्रपट’. ‘डार्क कॉमेडी’ला ‘गडद विनोदी’ चालेल का, की ‘कृष्णविनोदी’ म्हणावं? आणि पात्रांच्या तोंडी अहिराणी, ही खानदेशची बोली, कितपत घालावी?

‘गडद’ नको. तो रंगाच्या दाटपणाचा शब्द आहे : गडद निळा, गडद हिरवा, फार तर गडद अंधार. विनोदाला लावला की विनोद पातळ नाही, घट्ट आहे, एवढंच कळतं. त्यात मरणाची, भीतीची, अपराधाची छटा येत नाही.

‘कृष्णविनोद’ बनावटीला पक्का आहे. दोन्ही पदं संस्कृत, त्यामुळे समास सरळ होतो आणि ‘कृष्णविनोदी’ हे विशेषणही आपोआप मिळतं. कृष्णविवर, कृष्णधवल हे शब्द याच घाटाचे. अडचण कानाची आहे. कृष्णजन्म, कृष्णलीला आणि त्यांच्या पाठोपाठ कृष्णविनोद! गावात भागवत सप्ताहाचा मांडव पडलेला असताना हे पत्रक भिंतीवर लागलं, तर निम्मे प्रेक्षक टाळ घेऊन येतील. ‘कृष्णसुखात्मिका’ तर थेट राधेची आठवण करून देते. समीक्षेच्या लेखात हे शब्द खुशाल वापरा, तिथला वाचक बिचकत नाही. भिंतीवर नको.

सुखात्मिकेचा विषय निघालाच आहे तर एक घोटाळा इथेच निस्तरू. ‘कॉमेडी’ला ‘सुखांतिका’ म्हणायची सवय अनेकांना असते. सुखांतिका म्हणजे जिचा शेवट सुखाचा ती. सुखात्मिका म्हणजे जिचा स्वभाव, पिंड तसा आहे ती. काळ्या विनोदात शेवटी तिरडी उठली तरी विनोद विनोदच राहतो. म्हणून सुखात्मिका एक वेळ चालेल, सुखांतिका अजिबात नाही.

उरला ‘काळा विनोद’. त्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की मराठीत काळा म्हणजे बेकायदा किंवा बदनाम : काळाबाजार, काळा पैसा, काळी यादी, तोंड काळं करणं. आक्षेप खोटा नाही, पण खानदेशात तो अर्धाच खरा आहे. इथे काळी म्हणजे कपाशीची जमीन, आणि काळा म्हणजे मसाला. शेवभाजीचा रस्सा काळा असतो तो जळल्यामुळे नाही, नेमकं भाजल्यामुळे. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजायचा. अलीकडे थांबलात तर नुसता तांबडा रस्सा होतो, चार क्षण पुढे गेलात तर कडू. आणि शेव ताटात वाढताना घालायची, आधी घातली तर तिचा लगदा. कपाळावर घाम आणि तरी वाटी पुढे, हा अनुभव ज्या प्रेक्षकाला आठवड्यातून एकदा येतो त्याला ‘काळा विनोद’ समजावून सांगावा लागणार नाही. माझं मत याच शब्दाला.

फक्त तो वाकवताना सांभाळा. ‘काळा विनोदी लघुपट’ लिहिलंत तर ‘काळा’ हे लघुपटाचं विशेषण होतं : एक लघुपट, तो काळा आहे आणि विनोदीही आहे. ‘काळी विनोदी फिल्म’चंही तेच. म्हणून नाम धरून षष्ठी लावा : ‘काळ्या विनोदाचा लघुपट’. ‘काळाविनोद’ असं जोडून लिहायचा मोहही टाळा. ‘काळाबाजार’ वर्षानुवर्षांच्या वापरानं जोडला गेला, हा शब्द अजून तेवढा घासलेला नाही.

‘ब्लॅक कॉमेडी’ असंच देवनागरीत ठेवलं तर? अर्थ चुकत नाही, ब्लॅक आणि डार्क इथे एकच. फ्रेंचमधल्या ‘काळा विनोद’ या शब्दजोडीला कवी आंद्रे ब्रताँच्या १९४०च्या संकलनानं प्रतिष्ठा दिली, इंग्रजीत ती ‘ब्लॅक’ होऊन आली आणि अलीकडे ‘डार्क’ हे रूप जास्त चालतं. पण सिनेमाच्या पत्रकावर ‘ब्लॅक’ दिसलं की पन्नाशीच्या माणसाला थिएटरबाहेर ‘दस का बीस’ करणारा तिकीटवाला आठवणार.

शब्द आपल्याकडे नवा असला तरी चीज नवी नाही. पल्लव राजा महेंद्रवर्मनचं सातव्या शतकातलं ‘मत्तविलास’ हे प्रहसन घ्या. झिंगलेल्या कापालिकाची, म्हणजे कवटीत भिक्षा मागणाऱ्या शैव साधूची, कवटी हरवते, तो बौद्ध भिक्षूवर चोरीचा आळ घेतो, आणि कवटी पळवलेली असते कुत्र्यानं. माणसाची कवटी, विद्वानांचा वाद आणि कुत्रं! कवटीच्या जागी प्रबंधाची फाईल ठेवली की तुमचा लघुपट तयार. आणि आपल्या मातीतलंच हवं असेल तर जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे आहेत. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचं कॉलेज, होस्टेल आणि नापास होणं ‘कोसला’त (१९६३) वाचताना हसू फुटतं आणि तिथेच गळ्यात अडकतं. तेव्हा त्याला कुणी काळा विनोद म्हटलं नव्हतं.

शास्त्रात डोकावलं तर आणखी गंमत सापडते. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांना रंग दिलेत : हास्य पांढरा, करुण पारव्या रंगाचा, आणि काळा भयानकाचा. म्हणजे ‘काळा विनोद’ या दोन शब्दांत भयानक आणि हास्य शेजारी बसवलेत. चौदाव्या शतकातला साहित्यदर्पणकार विश्वनाथ या दोघांना एकमेकांचे विरोधी मानतो. भयानक आणि करुण हास्याला मारक, असं त्याचं म्हणणं. काळा विनोद हा नियम मुद्दाम मोडतो, आणि मोडल्याचा आवाज प्रेक्षकाला ऐकू यावा लागतो.

त्याच अध्यायात हसण्याचे सहा प्रकार आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. यातल्या ‘अपहसित’ची व्याख्या वाचून थबकायला होतं : भलत्या जागी हसणं, डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोकं गदगदणं. काळ्या विनोदाच्या प्रेक्षकाचं इतकं नेमकं वर्णन दुसरीकडे शोधू नये. भरतानं हे हसणं अधम पात्रांना दिलंय. तुमच्या लघुपटात ते विभागप्रमुखांना द्या.

पण चित्रपट शब्दानं काळा होत नाही, संवादानं होतो. तुमच्या संहितेत शिपाई सांगतो, “सर वारले.” आणि नायक विचारतो, “मग माझी सही?” हा प्रसंग बरा आहे, पण ‘वारले’नं तो सपाट केलाय. बातमी आधी पूर्ण कळते, त्यामुळे नायकाचा प्रश्न नुसता निर्दय वाटतो. शिपाई असं म्हणाला तर?

“सर गेले.”
“कुठं? सही राहिली ना!”

‘गेले’ दोन्हीकडे लागतं. नायक पहिल्या अर्थावर बोलून मोकळा होतो आणि दुसरा अर्थ त्याच्या डोक्यावर नंतर पडतो. प्रेक्षकाला तो एक क्षण आधी कळलेला असतो. अपहसित तिथे फुटतं. ‘खपले’ म्हणाल तर शिपाई खुनशी ठरतो. ‘कालवश झाले’ हे निधनवार्तेच्या चौकटीतलं. ‘सुटले’ मात्र राखून ठेवा. दारावर भेटायला आलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडी “सुटले बिचारे” हे सांत्वन असतं. तेच वाक्य रिसर्चच्या दुसऱ्या विद्यार्थ्यानं म्हटलं की कोण कुणापासून सुटलं हे प्रेक्षक स्वतः ठरवतो. अहिराणीतही ‘गया’ दोन्ही अर्थांनी चालतं, त्यामुळे हा प्रसंग भाषा बदलली तरी टिकतो.

दुसरं हत्यार कार्यालयीन मराठी. ‘गलिव्हर’वाल्या जोनाथन स्विफ्टनं १७२९ साली आयर्लंडच्या गरिबांनी पोरं खाण्यासाठी विकावीत असा प्रस्ताव लिहिला, तो अंगावर येतो त्याच्या थंड, हिशेबी भाषेमुळे. तशी भाषा आपल्याकडे प्रत्येक टपाल-टेबलावर फुकट मिळते. नायकाचा अर्ज पडद्यावर नुसता दाखवा : ‘विषय : मयत मार्गदर्शकांची स्वाक्षरी मिळणेबाबत.’ खाली ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. यात एकही विनोदी शब्द नाही. ‘मयत’ इथे शोकाचा शब्द न राहता रकान्यातला शिक्का होतो, आणि ‘मिळणेबाबत’ हे रूप बोलताना कुणीही वापरत नसल्यामुळे सगळं जास्तच गार लागतं. ‘मिळण्याबाबत’ असं शुद्ध करायला जाऊ नका, अर्ज खोटा वाटेल.

याच ओघात पारिभाषिक शब्द तपासून घ्या, कारण प्राध्यापक प्रेक्षक तिथेच पकडतात. पीएच.डी.चा तो प्रबंध, नियतकालिकात छापतो तो शोधनिबंध. तुमच्या संहितेत नायक ‘शोधनिबंध सबमिट’ करतो, तो प्रबंध हवा. मुदतीचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०२२चा : किमान ३ वर्षं, कमाल ६, आणि पुनर्नोंदणीनं आणखी २. म्हणून सहाव्या वर्षीच्या नायकाच्या तोंडी ‘मुदतवाढ’ शोभते, ‘एक्स्टेन्शन’ही शोभतं, पण ‘कालावधी विस्तार’ कुणी म्हणत नाही. सेवानिवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी उरलेल्या गाईडला त्याच नियमांनुसार नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. निवृत्तीच्या उंबऱ्यावरच्या सरांकडे नवी मुलगी नोंदणीला येते तो प्रसंग त्यामुळे गळतो. ‘वाङ्मयचौर्य’ कागदावर आणि ‘कॉपी-पेस्ट’ तोंडात, ही तुमची विभागणी बरोबर आहे. ‘गाईड’ला ‘मार्गदर्शक’ फक्त अर्जात करा. बोलण्यात ‘गाईड’च हवा, कारण परीक्षेआधी पोरं विकत घेतात तेही गाईडच, आणि हा श्लेष तुम्ही अजून वापरलेला नाही.

आता मूळ ओळीतले बाकीचे शब्द. ‘शैक्षणिक’ आपल्याकडे शाळेच्या अंगानं जातो : शैक्षणिक सहल, शैक्षणिक साहित्य, शैक्षणिक वर्ष. ‘शैक्षणिक जीवन’ म्हटलं की माणसाचं दहावी-बारावीपासूनचं शिक्षण डोळ्यासमोर येतं, प्राध्यापकांचं जग नाही. विद्यापीठाच्या परिभाषेत ‘अकॅडमिक कौन्सिल’ ही ‘विद्या परिषद’ असते, तेव्हा ‘विद्याक्षेत्र’ म्हणता येईल. पण खरं तर हा शब्द नकोच. ‘तासिका तत्त्वावर’ म्हटलं की प्रेक्षकाला सगळं जग दिसतं : तासाचे पैसे, सुट्टीचे शून्य, आणि लग्नाच्या बैठकीत “सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वावरच) आहे का कायम?” हा प्रश्न.

‘दबाव’ आणि ‘दडपण’ यांत फरक आहे. दबाव बाहेरून, कुणाच्या तरी हेतूनं येतो, आणि त्याला ‘आणणारा’ लागतो : संस्थाचालकांनी दबाव आणला. दडपण आत बसतं, त्याला माणूस लागत नाही : व्हायवाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचं, दडपण आलं. ताण कामाचा पडतो. आणि नुसता ‘दाब’ रक्ताचा नाहीतर हवेचा. तुमच्या नायकावर कुणीच दबाव आणत नाही, सगळे त्याला ‘काही घाई नाही’ म्हणतात. म्हणजे शब्द दडपण.

‘महत्त्वाकांक्षा’ मराठीत पुरेशी काळी नाही. ती सत्काराच्या भाषणात शोभते. या गोष्टीला ‘ईर्षा’ जवळची. संस्कृत ‘ईर्ष्या’ म्हणजे मत्सर, पण मराठीत माणूस ‘ईर्षेला पेटतो’ तेव्हा त्यात जिद्दही असते आणि शेजाऱ्याची जळजळही. पण पत्रकात भाववाचक नामांची ही रांग मुळातच ठेवू नये. महत्त्वाकांक्षा, दबाव, ताण असं ओळीनं लिहिलं की निबंधस्पर्धेचा वास येतो. माणूस, खुर्ची आणि मुदत सांगा, भावना प्रेक्षक ओळखतो.

अहिराणीबद्दल. घरात ती पूर्ण असू द्या, कॉलेजात प्रमाण मराठी, आणि नायक घाबरला की कॉलेजातही अहिराणी सुटू द्या. शिव्या आणि गावठी पात्रं एवढ्यापुरतीच ती वापरलीत तर विनोद काळा होणार नाही, हलका होईल. जिभाऊ दारात विचारतात, “तुन्हं कवय हुई रे भो?” (तुझं कधी होणार रे भाऊ?) यात ‘पीएच.डी.’ हा शब्दच नाही, आणि तोच मार आहे. लग्न, नोकरी, डिग्री, काहीही धरा. “माले काय माहीत” एवढंच उत्तर पुरे. मात्र गाव ठरवून घ्या. अमळनेर-पारोळा-धुळ्याकडचं घर असेल तर हे बसतं. रावेर-यावलकडचं लेवा घर असेल तर ‘माले’चं ‘मले’ होतं आणि बाकीची वळणंही बदलतात. संहितेत दोन्हींची भेसळ झालीय, नायकाची आई एका पानावर ‘माले’ म्हणते आणि पुढच्या पानावर ‘मले’. तिथल्याच एखाद्या माणसाकडून तिचे संवाद मोठ्यानं वाचून घ्या.

तर पत्रकाची ओळ अशी करता येईल : ‘तासिका तत्त्वावरचा एक प्राध्यापक, सहा वर्षांचं दडपण आणि राहून गेलेली एक सही. काळ्या विनोदाचा लघुपट. २२ मिनिटं.’

‘महत्त्वाकांक्षा’ गेल्यामुळे तिच्यातल्या दोन ‘त’ची काळजी मिटली. ‘तत्त्वावर’मध्ये मात्र ते दोन्ही लागतात, तत् अधिक त्व. छपाईला देण्याआधी तेवढं बघून घ्या.