'जुना करार' नेमका कोणाचा, कोणाशी?

प्रश्न असा आहे: बायबलच्या दोन भागांना इंग्रजीत 'ओल्ड टेस्टामेंट' आणि 'न्यू टेस्टामेंट' म्हणतात. 'टेस्टामेंट'चा अर्थ मृत्युपत्र असाही होतो, मग मराठी बायबलात 'जुना करार' आणि 'नवा करार' कुठून आले? भाषांतरकार चुकले का?

चुकले नाहीत. उलट मराठी शब्द मूळ हिब्रूच्या अधिक जवळ आहे. घोळ झाला तो वाटेत, ग्रीक आणि लॅटिनच्या मुक्कामी.

मूळ शब्द 'बरीथ', म्हणजे करार. हिब्रूत बरीथ 'कापतात'. क्रियापद आहे 'कारत', म्हणजे कापणे (आपल्या 'करणे'शी त्याचं नातं जोडायचा मोह टाळावा). हे कापणं अक्षरशः आहे. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात देव अब्रामशी (म्हणजे पुढच्या अब्राहामाशी) करार करतो. तिथे अब्राम कालवड, शेळी आणि एडका मधोमध चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. अंधार पडल्यावर त्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी आणि जळती मशाल जाते, ही देवाची खूण. शब्द मोडणाऱ्याची गत या जनावरांसारखी होवो, असा त्या विधीचा अर्थ. आपल्याकडे काडी मोडली की नातं तुटतं, तिथे कापल्यावर जुळतं! आणि गंमत म्हणजे त्या वाटेने अब्राम स्वतः चालतच नाही. वचन एकट्या देवाने दिलेलं.

हा एकतर्फीपणा पुढे महत्त्वाचा ठरला असावा. हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये आणणाऱ्या अनुवादकांकडे बरोबरीच्या दोघांतल्या करारासाठी 'सिन्थेके' हा शब्द होता, तरी त्यांनी 'दियाथेके' घेतला. एकाने ठरवायचं, दुसऱ्याने स्वीकारायचं, अशी ती व्यवस्था. रोजच्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मृत्युपत्र. लॅटिनमध्ये त्याचं 'टेस्टामेंटुम' झालं आणि तेच इंग्रजीत उतरलं.

नव्या करारातल्या, ग्रीकमध्ये लिहिलेल्या 'इब्री लोकांस पत्रा'च्या ९व्या अध्यायात लेखक या दुहेरी अर्थाचाच उपयोग करतो. १५व्या वचनात 'दियाथेके' म्हणजे करार, १६व्यात तोच शब्द मृत्युपत्र, कारण ते करणारा मेल्याशिवाय लागू होत नाही. मराठीत इथे 'करार' सोडून 'मृत्युपत्र' लिहावं लागतं. अर्थ पोचतो, श्लेष जातो. त्याला इलाज नाही.

हिंदीत 'नियम' किंवा 'विधान', उर्दूत 'अहदनामा', गुजरातीत मात्र आपल्यासारखाच 'करार'. 'नियम' मला कोरडा वाटतो, त्यात दुसरा पक्षच दिसत नाही. 'करार' म्हटलं की आज भाडेकरार आठवतो हे खरं, पण शब्द अरबीतून आलेला आहे आणि त्याच्या धातूत स्थिरावण्याचा, पक्कं होण्याचा भाव आहे. 'मुक्रर' त्याच धातूचा. 'करारी' माणूस म्हणजे कागदावर सह्या करणारा नव्हे, बोलण्यावरून न हलणारा. 'जुना करार' वाचताना भाडेकरारापेक्षा तो 'करारी' डोळ्यांसमोर ठेवा.