दम्याचा पंप आणि चुकणारे ठोके

प्रश्न : माझी आई 72 वर्षांची असून तिला बऱ्याच वर्षांपासून दमा आहे. गेल्या दोन महिन्यांत धाप वाढली आहे. निळा पंप घेतला की छातीत धडधडते व हात थरथरतात. परवा नाडी पाहिली तेव्हा ठोके मध्येच चुकत असल्यासारखे वाटले. भीतीने तिने निळा आणि रोजचा असे दोन्ही पंप बंद केले आहेत. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. दोन्ही पंप एकाच मापाने मोजण्यात गफलत झाली आहे. धडधड होते ती प्रामुख्याने तातडीच्या निळ्या, म्हणजे साल्ब्युटामॉलच्या पंपाने. हे औषध श्वासनलिका सैल करते, परंतु त्याचा काही अंश हृदयापर्यंत पोहोचून ठोके वाढवतो आणि मात्रा जास्त झाल्यास रक्तातील पोटॅशियमही उतरते, त्यानेही ठोके बिघडू शकतात. रोजचा स्टेरॉइडचा पंप श्वासनलिकेची सूज आटोक्यात ठेवतो. तो सुटला की धाप वाढते आणि ज्याची भीती वाटते तोच निळा पंप पुन:पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून रोजचा पंप ठरलेल्या मात्रेत आजच सुरू करावा, निळा पंप गरजेपुरता हाताशी असू द्यावा आणि तो आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागत असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे.

चुकणाऱ्या ठोक्यांचा विचार मात्र वेगळा करायला हवा. पंपानंतरची धडधड बहुधा जलद पण एकसारखी असते आणि काही तासांत ओसरते. मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. ठोक्यांना कसलीच लय नसेल, तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून थरथरण्याची शंका घ्यावी लागते. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळे ईसीजी लांबणीवर टाकू नये. ईसीजीच्या वेळी नेमकी लय नीट असली, तर 24 तासांची होल्टर तपासणी (अंगावर छोटे यंत्र लावून सलग ठोके नोंदवणे) उपयोगी पडते.

उतारवयात धाप लागली की सगळा दोष दम्यावर ढकलला जातो, हे मी वरचेवर पाहतो. आडवे पडताच जीव घाबरा होणे, झोपेतून उठून बसावे लागणे, संध्याकाळी घोट्याजवळ बोट दाबले असता खळगा राहणे ही लक्षणे हृदय थकल्याचीही असू शकतात. अशा वेळी छातीत घरघरही ऐकू येते आणि ती दम्याचीच वाटते.

डॉक्टरांकडे जाताना आईची सर्व औषधे पिशवीत घालून न्यावीत. दम्यासाठीच्या थिओफायलिनच्या गोळ्या सुरू असताना काही प्रतिजैविके घेतल्यास थिओफायलिनचे रक्तातील प्रमाण वाढून ठोके बिघडतात, तर लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे पोटॅशियम आणखी उतरते. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू असतील तर तेही दाखवावेत. डोळ्यांत घातलेल्या या थेंबांनी दमा उसळू शकतो, हे पुष्कळांना पटत नाही. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांविषयीही हीच सावधगिरी हवी, म्हणून नव्या डॉक्टरांना दम्याची कल्पना आधीच द्यावी.

एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, छातीत दुखणे, भोवळ येणे, किंवा बसल्या जागी नाडी 120 च्या वर राहणे यांपैकी काहीही दिसल्यास निळा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) देत थेट रुग्णालय गाठावे.