नेम चुकतो की हवा संपते?
वाचकांचे प्रश्न : १० मीटर एअर रायफल आणि पिस्तूल

मुलगी सातवीत आहे. शाळेच्या संघात निवड झाल्यापासून ‘स्वप्निल कुसाळेसारखी रायफल’ हवी म्हणून मागे लागली आहे. दुकानदार नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअरगन दाखवतो. रेंजवरचे एक पालक सात वर्षं वापरलेली जर्मन रायफल द्यायला तयार आहेत. काय घ्यावं?
– एक पालक, कागल

कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. ती .२२ बोअरची रायफल, तिला शस्त्रपरवाना लागतो. तुमच्या मुलीची सुरुवात १० मीटरवर एअर रायफलनेच होईल. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मात्र दुकानात द्यावा लागतो.

स्प्रिंगची गन या खेळासाठी घेऊ नका. चाप दाबल्यावर आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि आपटून थांबतो, त्यामुळे गन आधी मागे आणि लगेच पुढे हिसका देते. पेलेट (शिशाची छोटी गोळी) अजून नळीतच असतो. दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, तिथे हा हिसका सांभाळायला शिकण्यात मुलीचं वर्ष जाईल आणि पुढे ते शिकलेलं विसरावं लागेल.

जुनी मॅच रायफल, म्हणजे दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी स्पर्धेची रायफल, चालेल, पण पैसे देण्याआधी सिलिंडर रायफलवरून काढून हातात घ्या. त्याच्या अंगावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. सिलिंडरचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात. तारीख उलटलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही आणि ती तारीख पाहणं ही खेळाडूचीच जबाबदारी असते. रायफल सात वर्षांपूर्वी विकत घेतली असेल, पण सिलिंडर कारखान्यातून त्याच्या वर्षभर आधी निघालेला असू शकतो. म्हणजे हातात उरली दोनच वर्षं. बिलावरची तारीख इथे कामाची नाही. नव्या सिलिंडरची किंमत सरळ सौद्यातून वजा करा.

मग सिलिंडर पूर्ण भरून रायफलला लावा, गेजचा फोटो काढा आणि २४ तासांनी पुन्हा पाहा. रायफल टेकूवर ठेवून प्रशिक्षकांकडून दहा-दहा शॉटचे दोन ग्रुप मारून घ्या. शेवटी मुलीच्या मापाकडे या. बट (खांद्याला टेकणारं टोक) कोपराच्या खोबणीत टेकवल्यावर तर्जनीचं पहिलं पेर चापावर पोचलं पाहिजे. बट पूर्ण आत घेऊनही पोचत नसेल तर कितीही स्वस्त असो, नको म्हणा. नियमात ५.५ किलोपर्यंत वजन चालतं, पण बारा वर्षांच्या मुलीला चार किलोही पुष्कळ झाले. जोडवजनं काढता येतात का ते विचारा.

आणि खरं सांगायचं तर पहिले सहा महिने क्लबचीच रायफल वापरू द्या.

पहिले चाळीस शॉट छान जातात. शेवटच्या वीसमध्ये पेलेट खाली बसायला लागतात. साइटला क्लिक देऊन वर आणतो, तर दुसऱ्या दिवशी पहिलेच शॉट वर जातात. रायफल बिघडली का?
– डोंबिवली

बहुतेक नाही, हवा संपते आहे. सिलिंडरमध्ये २०० बार असले तरी रेग्युलेटर तो दाब बराच उतरवून एका ठरावीक पातळीवर रायफलला देतो. सिलिंडर त्या पातळीच्या वर आहे तोवर प्रत्येक शॉटला हवा सारखी मिळते. तो त्याखाली गेला की रेग्युलेटरच्या हातात काही राहत नाही आणि प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा हळू सुटतो.

याने किती फरक पडतो ते पाहा. सेकंदाला १७० मीटरने सुटलेला पेलेट १० मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग १६० झाला की १९ मिमी, १५० झाला की जवळजवळ २२. रायफलच्या टार्गेटवर एका रिंगहून दुसरी अडीच मिलिमीटरवर. म्हणजे नेम अगदी तोच ठेवूनही दहाचा शॉट आठाच्या हद्दीला जाऊन टेकतो. तुम्ही रिकाम्या सिलिंडरवर क्लिक देऊन ठेवता, म्हणून दुसऱ्या दिवशी भरलेल्या सिलिंडरवर तेच वर जातात.

गेजचा काटा लाल भागाला लागण्याआधीच सिलिंडर बदला आणि मॅच नेहमी भरलेल्या सिलिंडरवर सुरू करा. काटा १०० च्या वर असतानाही शॉट खाली बसत असतील तर क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा शॉट मारा. सगळे वेग दोन-तीन मीटरच्या आत असतील तर रायफल निर्दोष आहे. उलट, दहा मिनिटं विश्रांती घेतल्यावर पहिलाच शॉट दर वेळी वेगात आणि वर जात असेल तर रेग्युलेटरची सीट झिजून दाब आत झिरपतो आहे. ते काम सर्व्हिसवाल्याचं. घरी रेग्युलेटर उघडू नका.

आणखी एक खूण. शॉट उभ्या रेषेत खाली-खाली लागत गेले तर संशय हवेवर घ्या. ग्रुप गोलच राहिला आणि अख्खाच खाली सरकला तर ती थकलेली कंबर आहे, तिला क्लिक देऊन भागत नाही.

हातपंपाने २०० बार भरतो, सकाळी १८८ दिसतात. पावसाळ्यात जास्तच. गळती कुठे शोधू?
– मालवण

कदाचित गळती नाहीच. पंपाने भरताना हवा आणि सिलिंडर दोन्ही तापतात. ४५ अंशांवर २०० दाखवणारा सिलिंडर रात्रीत २८ अंशांवर आला की १८९-१९० च दाखवणार. सकाळी थंड असताना पाहिलेला आकडा खरा, तिथून पुढचे चोवीस तास मोजा. तरी उतरला तर सिलिंडर रायफलवरून काढा आणि त्याच्या तोंडावर छोटा फुगा ओढून रात्रभर ठेवा. फुगा फुगला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळतो. तसाच राहिला आणि रायफलला लावल्यावरच दाब उतरतो, तर जोडावरची ओ-रिंग (रबरी कडी) किंवा रायफलचा आतला व्हॉल्व्ह. ओ-रिंग हाताने बदलता येते. चपटी झालेली किंवा कड कातरलेली रिंग पाहताक्षणी टाका. नवी बसवताना सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम पुसट हात. शिवणयंत्राचं तेल किंवा गाडीचं ग्रीस चुकूनही नको, उच्च दाबाच्या हवेत पेट्रोलियमचं तेल पेट घेतं. याच कारणाने वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन भरून घेणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. ‘हवाच ती’ म्हणून कुणी सल्ला देईल, ऐकू नका.

हातपंपाची खरी अडचण पाण्याची आहे. कोकणातल्या जुलैमधली हवा दाबली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन बसतं आणि पुढे व्हॉल्व्हला गंज धरतो. पन्नासेक ठोक्यांनंतर थांबा, पाच मिनिटं पंप निवू द्या, ब्लीड स्क्रू हळूच सैल करून आतलं पाणी उडू द्या, मग पुढे. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की बदला. पण तुम्ही मालवणात आहात! तारकर्लीकडच्या स्कूबावाल्यांकडे श्वासाची, गाळलेली कोरडी हवा भरणारे कॉम्प्रेसर असतात. एक डायव्हिंग सिलिंडर आणि योग्य ॲडॅप्टर घेतलात की पंप माळ्यावर टाकता येईल. भरताना व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. सिलिंडरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या पुढे जाऊ नका आणि तो कधी ठार रिकामा ठेवू नका.

पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत बंद करून आठवडाभर ठेवू नका. फोम ओल धरतो आणि नळीवर पहिले तांबूस ठिपके बरोबर फोम टेकतो तिथेच उठतात.

डायॉप्टरवर (मागच्या साइटवर) ‘एच’ म्हणजे ‘हाय’ ना? शॉट वर न्यायचा म्हणून एचकडे फिरवलं तर आणखी खाली गेला.
– सांगली

पुष्कळ जर्मन साइटवर ‘एच’ म्हणजे ‘होख’, शॉट वर लागला आहे तर इकडे फिरवा. ‘टी’ म्हणजे ‘टीफ’, खाली लागला असेल तेव्हा. म्हणजे अक्षर सांगतं शॉट कुठे लागला ते, कुठे न्यायचा ते नव्हे. सगळ्या कंपन्या असं करत नाहीत. साइट नवी असेल तर एकीकडे वीस क्लिक देऊन पाच शॉट मारा आणि दिशा खोक्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

पूर्वी एका भोकात बसणारे पेलेट आता विखुरतात. नळी बदलावी लागेल का?
– नाशिक

नळी सगळ्यात शेवटी. आधी ॲलन की घेऊन स्टॉकचे आणि साइटचे स्क्रू तपासा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग डबा पाहा. ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकार बाजूबाजूच्या डब्यांत मिळतात आणि संपलेल्या डब्याच्या जागी दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून भलताच देतो. त्याच आकारात लॉट बदलला तरी ग्रुप बदलू शकतो. रायफल वाइसमध्ये किंवा भक्कम टेकूवर ठेवून प्रत्येक आकाराचे दहा-दहा मारा आणि भोकाची बाहेरून बाहेर रुंदी मोजा. सहा मिलिमीटरच्या आत बसणारा डबा सापडला की त्याच लॉटचे आणखी डबे घेऊन ठेवा. जमिनीवर पडलेला पेलेट पुन्हा भरू नका. त्याचा घागरा, म्हणजे मागची पोकळ कड, इतका मऊ असतो की दाबला गेलेला डोळ्याला कळतही नाही. काचेवर गडगडवून पाहा, वाकडा असेल तर डुलत जातो.

पाचशेचा डबा संपला की नळी फेल्टने (नमद्याच्या बोळ्याने) साफ करा. दोन कोरडे फेल्ट, मग उत्पादकाने सांगितलेल्या तेलाचा एक थेंब लावलेला एक, मग कोरडे, पांढरे निघेपर्यंत. पुढचे आठ-दहा पेलेट इकडेतिकडे जातील, त्यावर साइट हलवू नका. स्प्रिंगच्या गनमध्ये एकटा फेल्ट उडवू नका, पिस्टनला समोरून अडवायला काही नसतं आणि सील फुटते. पितळी किंवा स्टीलचा ब्रश नळीत घालायचाच नाही.

पेलेट शिशाचे असतात. पांढरी भुकटी धरलेला डबा फेकून द्या. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका. रेंज कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

घरी ट्रिगर ५०० ग्रॅम भरतो, स्पर्धेच्या तपासणीत पिस्तूल नापास झालं.
– पुणे

स्प्रिंगच्या तराजूने मोजलं असणार. तपासणीत नळी उभी धरून चापाला ५०० ग्रॅमचं वजन लावतात आणि पिस्तूल उचलतात. वजन जमिनीवरून सुटून वर आलं पाहिजे. काठावर लावलेला ट्रिगर तिथे कधीही दगा देतो. किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं माप आणि जाड तारेची आकडी यांचं वजन मिळून ५१५-५२० ग्रॅम होतं, म्हणजे हवं तेवढंच. सलग दहा वेळा ते उचललं गेलं तर निश्चिंत राहा. कमी पडलं तर वजनाचा स्क्रू पाव-पाव फेरा घट्ट करा. चापाच्या खाचेत तेल सोडू नका, ट्रिगर हलका होतो आणि मग कधी आपोआपही सुटतो.

इंग्लंडहून आलेल्या पुतण्याने एअरसॉफ्टचा गॉगल दिला आहे, त्यावर ‘एफ’ लिहिलंय. गच्चीवरच्या घरच्या रेंजला चालेल का?
– ठाणे

तो शिक्का ईएन १६६ या युरोपीय मानकाचा. ‘एफ’ म्हणजे ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरने आपटून काच टिकली. ऊर्जा काढली तर ०.८७ ज्यूल. ‘बी’ची गोळी १२० मीटरने, म्हणजे सुमारे ६.२ ज्यूल. एअरसॉफ्टमधली ०.२० ग्रॅमची प्लास्टिक गोळी १०० मीटरने सुटली तरी एक ज्यूल होते. म्हणजे हा ‘एफ’ खुद्द पुतण्याच्या खेळालाही तोकडाच. तुमचा ०.५३ ग्रॅमचा पेलेट १७० मीटरने ७.७ ज्यूल घेऊन निघतो. थेट बसला तर ‘बी’च्याही पलीकडे.

उलटून आलेल्या तुकड्यासाठी ‘बी’ घ्या, डोळ्याच्या बाजूही झाकणारा. जाळीचा गॉगल नको, शिशाचा कण जाळीतून आत येतो. पण गच्चीवर गॉगलच्या आधी पेलेट ट्रॅप. टार्गेटमागचा पत्रा सरळ उभा असेल तर पेलेटचे तुकडे नेमबाजाकडेच परततात. पत्रा ४५ अंशांत, वरची कड तुमच्याकडे कललेली, म्हणजे पेलेट खाली खोक्यात पडेल. खोक्यात चिंध्या, मागे जाड प्लायवूड. गच्चीचं दार गच्चीच्या बाजूने बंद आणि कुणी पुढे जाताना नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग.

शूटिंग जॅकेटला घामाचा वास येतो. मशीनमध्ये धुवावं का?
– छत्रपती संभाजीनगर

नको. कॅनव्हास आटतो, चामडं कडक होतं आणि मग जाडी व ताठरपणाच्या तपासणीत अडकायला होतं. जाडीची मर्यादा एका थराला २.५ मिमी आहे. आत सुती बनियन घाला, ते रोज धुवा. जॅकेट बटणं उघडी ठेवून रुंद हँगरवर सावलीत, पंख्याखाली टांगा. डाग ओल्या फडक्याने टिपा. स्टार्च किंवा स्प्रे मारून ताठ करण्याचा सल्ला मिळेल, ते नियमबाह्य आहे.

वानर हाकलायला कोणती एअरगन बरी?
– देवगड

कोणतीही नाही. पेलेटने वानर सहसा जागीच मरत नाही, अंगात शिसं घेऊन कुजत फिरतं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. वनखात्याकडे अर्ज करा.