नागपूरहून मुंबईच्या फिटनेस परिषदेला जाऊन पैसे वसूल कसे करावेत?

तुम्ही फिटनेस ट्रेनर असाल तर आधी परिषदेत क्रेडिट, म्हणजे प्रमाणपत्र टिकवायला लागणारे शिक्षणाचे गुण, मिळतात का ते तपासा, मग दुरांतोचं तिकीट काढा. एसीई (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज) या संस्थेचं ट्रेनरचं प्रमाणपत्र दर 2 वर्षांनी नूतनीकरणाला येतं; त्याला 2.0 क्रेडिट, म्हणजे 20 तास, आणि चालू मुदतीचं सीपीआर-एईडी (हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचं) प्रमाणपत्र लागतं. एनएएसएम या दुसऱ्या अमेरिकन संस्थेलाही 2 वर्षांत 2.0 लागतात, पण त्यातलं 0.1 सीपीआर-एईडीचंच असतं. बहुतेकांची गाडी इथेच अडते: परिषदेचा आयोजक तुमच्या संस्थेकडे मान्यताप्राप्त नसेल तर क्रेडिटसाठी वेगळा अर्ज आणि फी आली. हजेरीच्या प्रमाणपत्रावर तुमचं नाव, तारीख, तास हे सगळं आहे ना, हे हॉल सोडण्यापूर्वीच बघा. नंतर ईमेलला कोण उत्तर देतो!

भाषणं ऑनलाइनही मिळतात, म्हणून प्रात्यक्षिकाच्या कार्यशाळा निवडा, दिवसाला दोन पुरे. तिथे जागा मोजक्या असतात, नोंदणी लवकर करा. वहीत प्रत्येक व्यायामापुढे कोणासाठी, कोणाला टाळायचा, सेट-रेप्स आणि चूक कशी दिसते एवढं लिहा. उष्णतेतला व्यायाम हा विषय असेल तर सोडू नका; मे महिन्यात अंबाझरीला सकाळी बॅच घेणाऱ्याला तो रोज लागतो. सप्लिमेंटच्या स्टॉलवर मिळतं ते ज्ञान नव्हे, जाहिरात.

परतल्यावर आठवडाभरात एकच नवी गोष्ट दोन-तीन क्लायंटवर वापरा आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहून ठेवा.